१९८४ ची प्रीमियर पद्मिनी विकणे आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांची पद्मिनी विकायची आहे असं सांगितल्यापासून रोज तेच तेच प्रश्न येत आहेत, म्हणून सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. गाडी विलेपार्ले पूर्वेला, आमच्या इमारतीच्या बंद गॅरेजमध्ये आहे. रंग फिकट निळा, नोंदणी नोव्हेंबर १९८४ ची. आजवर मालक दोनच झाले: आधी बाबा, मग मी.

ही फियाट की पद्मिनी?

दोन्ही म्हणा, चालेल. मूळ गाडी इटलीची फियाट ११००. तिचं ११०० डी हे मॉडेल प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायला घेतलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. पुढे १९७२ च्या सुमारास गाडीवरचं फियाट हे नाव जाऊन ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आलं आणि १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, चितोडच्या राणीच्या नावावरून. तरी मुंबईत तिला पद्मिनी म्हणणारे कमीच. आमच्या घरात आजही ‘फियाट काढ’ असंच म्हणतात.

काही जण ‘डुक्कर फियाट आहे का’ असं विचारतात. ती पन्नाशीच्या दशकातली, गोल नाकाची, जुनी गाडी. ही ती नव्हे.

‘रिस्टोअर केलेली नाही’ म्हणजे नेमकं काय? काम काढलेलं आहे का?

नाही. उलट काम न काढणं हाच या गाडीचा गुण आहे, आणि याच प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं.

रिस्टोअर केलेली गाडी म्हणजे पूर्ण उघडलेली गाडी. जुना रंग खरवडतात, पत्रा ठोकतात, खड्डे पुट्टीने भरतात, नवा रंग मारतात, सीटची कव्हरं बदलतात. चांगल्या हाताने केलं तर ती सुंदर दिसते. पण मग कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी कशी बाहेर पडत होती, हे तिच्याकडे बघून कळत नाही. आमच्या गाडीत ते कळतं. दरवाजा उघडलात की चौकटीच्या कडेला पत्र्याचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे दिसतात. बॉनेटच्या आतल्या बाजूला कारखान्याचा रंग पातळ बसला आहे, तो तसाच आहे. छताचं आतलं कापड मूळचंच, फक्त पिवळं पडलंय. पुढची सलग सीट मूळ रेक्झिनची आहे आणि ड्रायव्हरच्या बाजूला शिवण उसवली होती, ती आईने घरी हाताने घातली आहे.

मात्र ‘हात न लावलेली’ असं मी म्हणणार नाही. डावा पुढचा मडगार्ड १९९१ मध्ये रिक्षेने ठोकला, तेव्हा तो सरळ करून रंगवून घेतला. उन्हात पाहिलंत तर त्याचा निळा बाकीच्या निळ्यापेक्षा किंचित गडद दिसेल. टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेक लायनर, सायलेन्सर, पुढच्या काचेचं रबर आणि सगळे होजपाइप वेळोवेळी बदलले. रेडिएटरची जाळी एकदा नवी टाकली. झिजणारी वस्तू बदलायची, टिकणारी जपायची, असा बाबांचा हिशेब होता. काढलेले बरेचसे जुने भाग त्यांनी एका पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत.

मूळ रंगच आहे, हे आम्ही कसं ओळखायचं?

माझ्या शब्दावर विसंबू नका. एक साधं लोहचुंबक घ्या, पातळ फडक्यात गुंडाळा आणि दरवाजांच्या खालच्या कडा, मडगार्ड, डिकीचं झाकण असं सगळीकडे लावून बघा. जिथे पुट्टीचा जाड थर असेल तिथे चुंबक धरत नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर तेही आणा. त्या डाव्या मडगार्डवर आकडा वाढलेला दिसेल.

मग रबरांच्या कडा बघा. पुन्हा रंगवलेल्या गाडीत खिडकीच्या रबरावर, काचेच्या काठावर, वायरींवर कुठेतरी रंगाचा फवारा उडालेला सापडतोच. सुटे स्क्रू बघा. त्यांच्या खाचेत रंग भरलेला असेल तर तो नंतर मारला आहे.

ही पूर्वी टॅक्सी होती का?

नाही. पण हा प्रश्न प्रत्येक पद्मिनी घेताना विचारायलाच हवा. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. इथे टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता जुन्या टॅक्सीचा सांगाडा एकसारखा रंगवून ‘घरची गाडी’ म्हणून पुढे केला, तर नवख्या माणसाला ते कळणार नाही.

बघायच्या जागा अशा. डाव्या बाजूला, पुढच्या काचेजवळ बाहेरच्या मीटरची पट्टी बसायची. तिथे बुजवलेली भोकं आहेत का, हाताने चाचपा. छतावर कॅरिअरच्या खुणा बघा. डिकीतलं मॅट उचला: सीएनजीची टाकी बसवली असेल तर तळाच्या पत्र्यात बोल्टची भोकं राहतात. दरवाजांच्या आतल्या कडा आणि डॅशबोर्डच्या मागचा पत्रा बघा. तिथे काळा किंवा पिवळा रंग डोकावतोच. आणि शेवटी आरसीवर वाहनाचा वर्ग वाचा. आमची आरसी पहिल्या दिवसापासून खासगी मोटारीची आहे. सीएनजी कधीच बसवलेला नाही.

मीटर ८३ हजार दाखवतं. एकदा फिरून आलेलं नाही कशावरून?

शंका रास्त आहे. मीटरला पाचच आकडे आहेत, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य.

बाबांनी १९८४ पासून पेट्रोलची वही ठेवली: तारीख, किलोमीटर, किती लिटर, कुठला पंप. अशा चार वह्या आहेत. २००९ नंतरचं अक्षर माझं आहे. आकडे सलग चढत जातात, मध्ये कुठे तुटत नाहीत. बाबा कचेरीत लोकलने जायचे. गाडी निघायची ती रविवारी, लग्नकार्याला आणि गणपतीत कोकणात जायला. म्हणूनच ४० वर्षांत आकडा एवढाच आहे. वह्यांबरोबर क्लच आणि ब्रेकच्या पॅडलची रबरंही बघा. फार चाललेल्या गाडीत ती गुळगुळीत होतात, यांच्यावर अजून रेघा आहेत.

२६ जुलैच्या पुरात गाडी होती का?

होती. हे लपवण्यात अर्थ नाही.

२६ जुलै २००५ ला शेजारच्या सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या गॅरेजमध्ये पाणी शिरलं आणि दरवाजाच्या खालच्या कडेच्या जरा वर पोचलं. सीटपर्यंत गेलं नाही, इंजिनमध्येही नाही. वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबांनी बॅटरी सोडवली, सीट बाहेर काढली, मॅट गच्चीवर नेऊन वाळवली आणि इंजिन चालू न करता मिस्त्रींची वाट पाहिली. त्यांनी इंजिनचं, गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शिअलचं ऑइल बदललं, चारही ब्रेक ड्रम उघडून साफ केले, मगच गाडी चालू झाली. मागच्या सीटसमोर उजवीकडचा पायाखालचा पत्रा मात्र तेव्हापासून गंजायला लागला.

मग गंज कुठे कुठे आहे?

सगळं सांगते.

उजव्या मागच्या पायाखाली हाताच्या पंजाएवढा भाग गंजलेला आहे. गंज खरवडून त्यावर गंजरोधक लावला आहे, भोक पडलेलं नाही, पण पत्रा पातळ झालाय. बॅटरीच्या तबकाखाली ॲसिडने खाल्लेली जागा आहे. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात वरवरचा गंज. डाव्या मागच्या दरवाजाच्या खालच्या कडेला बोटभर लांबीचा फुगवटा आला आहे. दरवाजांच्या तळाला पाणी वाहून जायची छिद्रं असतात. ती कचऱ्याने बुजली की पाणी आत साचतं. या दरवाजात तेच झालं.

चासी वेगळी नसलेली ही गाडी आहे, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच असतो. त्यामुळे दरवाजांखालच्या लांब पट्ट्या आणि जॅक लावायच्या जागा शाबूत आहेत की नाहीत, हे रंगापेक्षा महत्त्वाचं. आमच्या गाडीत त्या घट्ट आहेत. गाडी रॅम्पवर चढवून खालून टॉर्च मारून बघा. जवळच्या गॅरेजचे मालक आपल्या रॅम्पवर घेऊ देतात.

इंजिन कसं आहे?

१०८९ सीसी, चार सिलिंडर, मूळचंच. बॉनेट उघडून इंजिनवरचा नंबर आरसीशी ताडून बघा. हेड एकदा उघडून व्हॉल्व्ह ग्राइंड केले आहेत, ब्लॉक कधीच उघडलेला नाही. सकाळी चोक ओढला की पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू होते. मागून निळा धूर येत नाही. टायमिंग कव्हरजवळ ऑइलचा पाझर आहे, आठवडाभर उभी राहिली तर खाली रुपयाएवढा डाग पडतो.

उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये अडकलात तर बॉनेटखालचा, इंजिनला पेट्रोल पुरवणारा पंप तापून गाडी गुदमरते. पंपावर ओलं फडकं ठेवायचं, दहा मिनिटं थांबायचं, की पुन्हा चालू होते. पेणच्या पुढे कुठेतरी बॉनेट उघडून हे करणं आमच्या गणपतीच्या प्रवासाचा भागच होता. आम्ही मुलं तोवर उतरून काकड्या खायचो.

आताचं इथेनॉलचं पेट्रोल चालतं का?

गाडी चालते, पण काळजी घ्यावी लागते. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, आणि १९८४ च्या रबराला ते मानवत नाही. जुने पाइप मऊ पडतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा मी इथेनॉल सोसणारे घालून घेतले. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर ते पाणी टाकीच्या तळाशी बसून टाकी आतून गंजते. पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी काढा, आणि पेट्रोल लागेल तेवढंच भरा.

ॲव्हरेज किती?

शहरात लिटरला १० ते ११ किलोमीटर. वह्यांत सगळं आहे.

रोज ऑफिसला न्यायला चालेल का?

माझं मत, नाही. पॉवर स्टीअरिंग नाही, एसी नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि त्यांना बूस्टर नाही. ब्रेक पायाने जोर देऊन दाबावा लागतो आणि पुढच्या गाडीपासून आजच्या दुप्पट अंतर ठेवावं लागतं. साचलेल्या पाण्यातून गेलात की ड्रम ओले होतात आणि ब्रेक धरत नाहीत. मग हळू चालत, ब्रेक अलगद दाबून ते वाळवून घ्यायचे. मी पावसाळ्यात ती शक्यतो काढतच नाही.

रविवारी पहाटे मात्र पार्ल्याहून वरळीपर्यंत न्या. छोट्या त्रिकोणी काचा फिरवल्या की समुद्रावरचा वारा थेट तोंडावर येतो. ५० च्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये ती इतकी शांत चालते की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी.

गिअर स्टीअरिंगजवळ आहे. जमेल का?

जमेल, तासाभरात हात बसतो. पुढचे चार गिअर आहेत. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका, चालत्या गाडीत जबरदस्ती केली तर दाते खरडतात. मी याच गाडीवर शिकले. बाबा शेजारी बसून एवढंच म्हणायचे, ‘ढकलू नकोस, ने.’

सीटबेल्ट आहेत का?

कारखान्यातून आलेले नव्हते. पुढच्या दोघांसाठी आम्ही नंतर बसवले आणि त्यासाठी दारांमधल्या खांबात दोन भोकं पाडावी लागली. मूळपणाला तेवढा धक्का बसला आहे, पण त्याचा मला अजिबात खेद नाही. लहान मुलांना या गाडीत मागे बसवून हायवेला नेऊ नका, मागे पट्टे नाहीत.

सुटे भाग मिळतात का? मिस्त्री?

ब्रेकचे व्हील सिलिंडर, क्लच प्लेट, डेल्कोचे (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे) पॉइंट, कंडेन्सर असे चालू भाग ऑपेरा हाउसजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने, काढलेले भाग मिळतात. क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, बॅज यांसाठी चोरबाजारात फिरावं लागतं आणि तिथे घाई करणाऱ्याला भाव वाढवून सांगतात. टॅक्स्या होत्या तोवर पाना-पकड घेऊन रस्त्यावर गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री नाक्यानाक्यावर होते, आता ते कमी होत चालले आहेत. आमचे मिस्त्री सत्तरीला आले आहेत. घेणाऱ्याला मी त्यांच्याकडे स्वतः घेऊन जाईन. त्यांच्याकडून पॉइंटमधलं अंतर लावायला आणि ग्रीसिंग करायला तुम्ही स्वतः शिकून घ्यावं, असा माझा आग्रह आहे.

कागदपत्रं?

नोंदणी १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण करत आणली आहे. शेवटचं २०२४ मध्ये झालं, आता नोव्हेंबर २०२९ पर्यंत वैध आहे. पर्यावरण कर भरलेला आहे. पीयूसी दर सहा महिन्यांनी काढावं लागतं, चालू आहे. विमा आहे. पुढच्या नूतनीकरणाचा खर्च मात्र लक्षात घ्या: ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारींसाठी केंद्राचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे.

नंबर जुन्या मालिकेतला, तीन अक्षरांचा आहे. एमएच-०१, एमएच-०२ ही पद्धत १९८९ नंतरची. अशा जुन्या नंबरांची माहिती कित्येकदा ऑनलाइन दिसत नाही आणि आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून घ्यावी लागते. आमची झालेली आहे. उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे, हाताने रंगवलेली जुनी पाटी डिकीत आहे.

बाबा गेल्यावर फॉर्म ३१ भरून गाडी माझ्या नावावर झाली. तुमच्या नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० लागतील, दुसऱ्या राज्यात न्यायची असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही. दिल्ली परिसरातल्या खरेदीदारांनी कृपया आधी तिथले १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचे नियम बघावेत. नावावर करून न घेता ‘नुसती घेऊन जातो’ म्हणणाऱ्यांना गाडी मिळणार नाही.

विंटेज म्हणून नोंद होईल का?

अजून नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटायला हवीत, म्हणजे २०३४ नंतर. आणखी एक अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरबदल नकोत. आज कोणी फ्लोअर गिअर आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं तर ती वाट बंद होईल. विंटेज नोंदणी झाली की गाडी रोज वापरता येत नाही, हेही माहीत असू द्या. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा मात्र ३० वर्षांवरच्या, मूळ स्थितीत जपलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानते.

लग्नासाठी भाड्याने लावता येईल का?

नाही. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे.

घेतल्यावर आम्ही रंग मारून घेतला तर?

गाडी तुमची झाल्यावर मी अडवू शकत नाही. पण तसा विचार असेल तर ही घेऊ नका. रंग उडालेल्या, सीट फाटलेल्या पद्मिनी याच्या निम्म्या किमतीत मिळतात आणि त्यांना खरोखर रंगाची गरज आहे. त्यातली एखादी उभी केलीत तर मलाही आनंद होईल. या गाडीचा रंग छतावर फिका पडलाय, बॉनेटवर पॉलिश करून करून कडेला अस्तर दिसायला लागलंय. तो तसाच राहावा म्हणून ४० वर्षं कोणीतरी दर रविवारी मऊ फडक्याने पुसलाय. कडक पॉलिश आता लावू नका, साधं मेण पुरे.

एवढी जपलीत, मग विकता का?

इमारत पुनर्विकासाला गेली आहे. गॅरेज पाडणार, आणि नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंग आहे. तोवर तीनेक वर्षं भाड्याच्या घरात राहायचं, तिथे गाडी उघड्यावर राहील. समुद्राजवळच्या हवेत दोन पावसाळे उघड्यावर काढले तर दरवाजातला तो बोटभर फुगवटा हातभर होईल. गावच्या घरी ठेवायचा विचार केला, पण न चालवता ठेवलेली गाडी आतून मरते. बाबांनी ती नंबर लावून घेतली होती. १९७९ मध्ये पैसे भरले, गाडी हातात आली पाच वर्षांनी. मधे मारुती ८०० आली, तेव्हा कचेरीतले सगळे म्हणाले, बुकिंग रद्द करा. त्यांनी नाही केलं. त्यांना हीच हवी होती.

किंमत?

३ लाख ४० हजार. मिस्त्रींना सोबत आणून दोष दाखवलात तर बोलू, फोनवर घासाघीस करणार नाही. दलाल नकोत. बंद पार्किंग असलेल्या माणसाला मी थोडी कमी किंमत घेऊनही देईन.

सोबत काय मिळेल?

जॅक आणि पाने, जुन्या भागांची पेटी, मूळ दोन किल्ल्या, छापील मालक-पुस्तिका (मागचं पान फाटलेलं), १९८४ ची पावती आणि पेट्रोलच्या चारही वह्या. वह्या देताना जीव तुटेल, पण त्या गाडीच्याच आहेत. मी त्यांचे फोटो काढून ठेवले आहेत.

बघायला कधी यायचं?

शनिवार-रविवार सकाळी ७ ते १०, आधी कळवून. टायर २०२१ चे आहेत, बाजूवरचा चार आकड्यांचा कोड वाचून खात्री करा. चालवून बघायची असेल तर लायसन्स आणा. मी शेजारी बसेन. तुम्ही येण्याआधी इंजिन चालू करून गरम करून ठेवणार नाही. आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवून बघा, थंड लागलं की मग किल्ली तुमच्या हातात देईन.